मुलाने स्वतः बनवून दिलेली सुरी काळी पडतेय, ठिपके आलेत. वापरू की जपून ठेवू?

ताई, तुमचं सगळं नीट वाचलं. मुलगा पुण्यात नोकरीला, सुट्टीच्या दिवशी सुऱ्या बनवायला शिकतोय, आणि हाताला जमलेली पहिली चांगली सुरी त्याने तुम्हाला आणून दिली. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याची आहे म्हणाला. तुमचं गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून आडाळीवर, म्हणजे विळीवर, बसता येत नाही म्हणून मुद्दाम ओट्यावर उभं राहून कापायला म्हणून बनवली. मे महिन्यात तुम्ही तिने कैऱ्या कापल्या तर पातं काळंनिळं झालं, आणि आता पाऊस लागल्यावर नारिंगी ठिपके. शेजारीण म्हणते धारेची वस्तू भेट घेऊ नये, नात्यात कापाकापी होते. घर मालवणात, समुद्र पाच मिनिटांवर. आता तुम्हाला वाटतंय की तेल लावून कापडात गुंडाळून कपाटात ठेवून द्यावी, म्हणजे त्याच्या हातची वस्तू खराब तरी होणार नाही. आणि शेवटी हळूच लिहिलंय की मूठ जरा जाड होते हाताला, पण त्याला कसं सांगायचं.

मी कुडाळच्या बाजूचा, लोहारकाम करतो, वडील आणि आजोबाही हेच करायचे. कोयते, आडाळ्या, कुदळी हे आमचं नेहमीचं काम आणि आता बरीच वर्षं हॉटेलवाल्यांसाठी मासे कापायच्या सुऱ्या पण करतो. तर आधी उत्तर सांगतो आणि मग एकेक करून सगळं सांगतो. सुरी वापरा, रोज वापरा, भाजीला पण आणि मासळीला पण. आणि मुठीचं त्याला सांगा, याच आठवड्यात सांगा, फोनवर सांगितलं तरी चालेल. कपाटात ठेवलेल्या सुरीतून त्याला काहीच कळणार नाही. बनवणारा माणूस घण मारतो, कानस मारतो, मूठ घासतो ते सगळं स्वतःच्या हाताच्या मापाने करतो, दुसऱ्याच्या हातात ती कशी बसते हे त्याला कळायचा एकच रस्ता आहे, की वापरणाऱ्याने येऊन सांगावं. माझ्याकडे नवा कोयता नेलेला माणूस वर्षाने आला आणि म्हणाला की मेस्त्री इथे जरा बोट घासतं, की मला त्याचा राग येत नाही, उलट त्याच्यासाठी केलेला पुढचा कोयता बरोबर होतो. तुमच्या मुलाला तर अजून शिकायचंय, त्याला याची माझ्यापेक्षा जास्त गरज आहे.

आता लोखंडाबद्दल. काळं पडलं म्हणून हलकं लोखंड असेल अशी शंका तुमच्या मनात आलीय, ती काढून टाका. ट्रकचा पाटा हे स्प्रिंगचं स्टील असतं, त्यात साधारण 0.5 ते 0.65 टक्के कार्बन असतो. गेटला ग्रिलला वापरतात ते साधं लोखंड 0.25 टक्क्यांच्या खाली असतं, त्याला कितीही तापवून बुडवा, ते कडक होत नाही, धार धरत नाही. पाट्याचं लोखंड कडक होतं आणि वर चिवट पण असतं, म्हणून आमच्याकडचे चांगले कोयते कायम पाट्याचेच. बाजारात मिळणारी स्टीलची सुरी काळी पडत नाही कारण तिच्यात क्रोमियम असतं, निदान साडेदहा टक्के लागतं तेव्हा कुठे ते गंज धरायचं थांबतं, सुऱ्यांमध्ये बहुतेक वेळा 13-14 टक्के असतं. पाट्यात क्रोमियम असलंच तर एक टक्क्याच्या आसपास. म्हणजे ते गंजणार, त्यात तुमच्या मुलाचा काही दोष नाही आणि तुमचा पण नाही. त्याच्या बदल्यात काय मिळतं, तर धार पटकन लागते, घरच्या दगडावर लागते, आणि अशी लागते की टोमॅटोवर नुसती टेकवली की आत जाते.

त्याने काय काय केलं असेल ते पण सांगतो, कारण घरच्यांना हे माहीत नसतं. पाटा जाड असतो आणि वाकलेला असतो, तो आधी लाल करून सरळ करायचा, मग ठोकून ठोकून पातळ करायचा, आणि तो सुद्धा सगळीकडे सारखा नाही, पाठीकडे जाड ठेवून धारेकडे आणि टोकाकडे बारीक करत आणायचा. नवीन हाताला इथेच घाम फुटतो, एक बाजू ठोकली की पातं दुसऱ्या बाजूला वळतं. मग पाणी द्यायचं, म्हणजे लोहचुंबक चिकटायचं बंद होईल त्याच्या थोडं वरपर्यंत, 830-850 डिग्रीपर्यंत तापवून तेलात बुडवायचं. बुडवल्यावर पातं कडक होतं पण इतकं ठिसूळ की लादीवर पडलं तर मोडू शकतं, म्हणून परत 200 डिग्रीच्या आसपास तास-दोन तास ठेवून तो ठिसूळपणा काढायचा, बरेच जण ते दोनदा करतात. त्यानंतर घासणं, धार, मूठ. शिकाऊ माणसाचे दोन-तीन शनिवार-रविवार एका सुरीत सहज जातात, आणि त्यातल्या किती तेलात बुडवताना वाकडं होऊन किंवा तडा जाऊन फुकट जातात ते कोणी सांगत नाही. तुम्हाला मिळाली ती या सगळ्यातून नीट बाहेर आलेली आहे. पात्यावर पाठीकडच्या बाजूला हातोडीचे खोलगट ठसे आहेत असं लिहिलंय तुम्ही, ते घासायचं राहून गेलेलं काम नाही, ते लोक मुद्दाम ठेवतात, बटाट्याची चकती पात्याला कमी चिकटते त्याने.

काळंनिळं झालं ते चांगलं झालं. कैरीचं आंबट लागलं की लोखंडाच्या वरच्या थराचा रंग बदलतो, निळा जांभळा करडा आणि मग काळपट. असा काळा थर एकदा पक्का बसला की त्याच्याखालचं लोखंड सहज गंजत नाही, आणि कैरीला, कांद्याला सुरुवातीला जो लोखंडाचा वास लागतो तो पण कमी होत जातो. तुमच्या आईच्या आडाळीचं पातं आठवा, ते कधी पांढरं चमकत होतं का, काळं कुळकुळीत आणि धारेला तेवढी एक पांढरी रेघ. हिचं पण तेच होणार, वर्ष-दीड वर्षात. केळफूल, कच्चं केळं, काजूचे बोंडू यांच्यात तुरटपणा असतो, त्याने तर एका दिवसात काळी होते, घाबरू नका, पण भाजी पण काळी पडते म्हणून केळफूल कापताना पात्याला सगळीकडून खोबरेल लावा आणि कापलेलं लगेच ताकाच्या पाण्यात टाका. फणसाला तर तेल लावल्याशिवाय हातच लावू नका, चीक पात्याला बसला की पाण्याने जात नाही, तेलानेच पुसावा लागतो.

एक मात्र, काही जण सांगतात की काळा थर लवकर बसवायला आंबट चोळून ठेवा. कैरी, लिंबू, व्हिनेगर यांनी होतं, पाच-दहा मिनिटं लावून धुऊन लगेच पुसायचं. पण आपल्याकडे घरात हाताशी असतं ते कोकमाचं आगळ आणि आगळात भरपूर मीठ असतं, ते कधीही पात्यावर लावून ठेवू नका. आंबटाने काळं होतं आणि मिठाने खड्डे पडतात.

आणि नारिंगी ठिपके हेच ते मिठाचं काम. काळा थर आणि नारिंगी गंज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काळा थर घट्ट बसतो, गंज भुसभुशीत असतो, त्याच्यातून हवा आणि पाणी खाली जात राहतं आणि तो खोल खात जातो. तुमचं घर समुद्राजवळ, वाऱ्याबरोबर मीठ येतं ते खिडकीच्या गजांवर बसतं तसं सुरीवर पण बसतं. मीठ असं आहे की हवेतला दमटपणा 75 टक्क्यांच्या वर गेला की ते हवेतलं पाणी स्वतःकडे ओढून घेतं, पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ते यामुळेच, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा त्याच्या वरच असते. म्हणजे तुम्ही सुरी धुऊन कोरडी केली असं तुम्हाला वाटतं पण त्यावर मिठाचा एक कण राहिला तर तो रात्रभर तिथे पाण्याचा थेंब धरून बसतो, सकाळी तिथे नारिंगी ठिपका. पुण्यात हीच सुरी नुसती पुसून ठेवली तरी महिनाभर काही झालं नसतं, म्हणून मुलाने तुम्हाला याबद्दल काही सांगितलं नसेल, तिथे त्याला हे दिसलंच नसेल. आणखी एक शंका आहे, जून-जुलै मासेमारी बंद असते तेव्हा तुम्ही सुकी मासळी काढली असणार, खारवलेला बांगडा किंवा मोरी मासळी या सुरीने कापली का? कापली असेल तर ठिपके तिथूनच आलेत. सुक्या मासळीला कात्री वापरा, आणि सुरीनेच कापलं तर कापून झाल्याबरोबर धुवा, जेवण झाल्यावर नाही.

ठिपके काढायला घासणी आणि काथ्या नको, काळा थर सगळा निघून जाईल. चुलीची राख मिळाली तर कपड्याने चाळून घ्या, बटाट्याच्या कापलेल्या फोडीवर ती राख घेऊन फक्त ठिपक्यावर घासा, पाठीकडून धारेच्या दिशेने, बोटं धारेसमोर येणार नाहीत अशी. राख नसेल तर खायचा सोडा पाण्यात कालवून. धुवा, पुसा, आणि मग एक मिनिट गॅसच्या बाजूला उबेला धरा, ज्वाळेवर नाही, नुसती ऊब. ठिपका गेला आणि खाली काळसर डाग राहिला तर राहू दे. नखाला खड्डा लागला तर मात्र मला फोटो पाठवा.

रोजचं सांगायचं तर काम झालं की लगेच साध्या पाण्याने धुवायची, सिंकमध्ये भांड्यांबरोबर टाकून ठेवायची नाही, सुक्या फडक्याने पुसायची, आणि पावसाळ्यात दोन थेंब खोबरेल बोटाने सगळ्या पात्यावर फिरवायचं. खोबरेलच का, तर सूर्यफुलाचं सोयाबीनचं तेल पातळ थरात हवेवर राहिलं की चिकट होतं, त्यावर धूळ बसते आणि महिन्याने ते खरवडून काढावं लागतं. खोबरेल तसं लवकर चिकट होत नाही. खूप दिवस वापरायची नसेल, म्हणजे तुम्ही मुलाकडे महिनाभर राहायला गेलात, तर मेडिकलमध्ये लिक्विड पॅराफिन मिळतं, ते लावून वर्तमानपत्रात गुंडाळा. शिलाई मशीनचं तेल नको, ते पोटात जाता कामा नये.

मुलाने सोबत चामड्याचं म्यान दिलंय ना, ते फार सुंदर असेल पण पावसाळ्यात सुरी त्यात ठेवू नका, ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. चामडं ओल धरून ठेवतं, कमावताना त्यात क्षार राहिलेले असतात, आणि त्यात घातलेली सुरी बाहेरून दिसत नाही, चार दिवसांनी काढली की दोन्ही बाजूंनी गंज. म्यानाला बुरशी येते ती वेगळीच. म्यान तूर्त कोरड्या डब्यात ठेवा, सुरी ओट्याच्या वर उघड्यावर हवा लागेल अशी ठेवा, भिंतीला लाकडाची पट्टी ठोकून त्यात फट पाडली तरी पुरे, पातं नीट अडकलं पाहिजे आणि नातवंडांचा हात पोचता कामा नये. आणि सुरीला घर हवंच असेल तर लाकडाचं करून घ्या, सावंतवाडीला चितार आळीत लाकडी खेळणी करणारे कारागीर आहेत, पांगाऱ्यासारखं हलकं मऊ लाकूड असेल तर पात्याला ओरखडा पडत नाही.

शेजारणीचं म्हणणं. धारेची वस्तू हातातून हातात देऊ नये, खाली ठेवावी आणि दुसऱ्याने उचलावी, हे आम्ही पण पाळतो, भट्टीवर तर पाळावंच लागतं, कारण हात कापतो. पण धारेने नातं तुटतं असं असतं तर आमच्या घराण्यात कोणी कोणाशी बोललं नसतं, आमच्याकडे मुलगी सासरी जाताना आडाळी देतात, बापाच्या हातची. तरीही मनाला लागून राहिलं असेल तर मुलगा येईल तेव्हा त्याच्या हातावर एक रुपया ठेवा, म्हणजे विकत घेतल्यासारखं झालं, शेजारणीचं पण समाधान. आणि खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजाल तेव्हा कोयत्याशेजारी हिला पण ठेवा, झेंडूचं फूल वाहा.

आता मुठीकडे येतो, मला वाटतं तुमच्या पत्रातली खरी गोष्ट ही आहे.

मूठ जाड वाटण्याची दोन कारणं असू शकतात आणि दोन्ही एकदम असू शकतात. एक तर पुरुषाचा हात, त्यात अठ्ठावीस वर्षांचा, त्याने स्वतःच्या मुठीत धरून बघून घासणं थांबवलं. दुसरं म्हणजे लाकूड फुगलंय. पुण्यात हवा कोरडी, 60 टक्के दमटपणाला लाकडात साधारण 11 टक्के ओल असते, आपल्याकडे पावसाळ्यात 90 टक्क्याला तीच 20 टक्क्यांपर्यंत जाते, आणि लाकूड रेषेला आडवं फुगतं. तुम्ही म्हणता मुठीच्या पितळी रिबीटा आता हाताला खोलगट लागतात, आधी सपाट होत्या, म्हणजे लाकूड नक्की वर आलंय. थंडीत ते परत बसेल, तेव्हा रिबीटा परत सपाट लागतील. यात बिघडलं काही नाही, पण फुगताना लाकूड आणि लोखंडाच्या मध्ये फट पडली तर तिथे पाणी जातं आणि आतून गंजतं, बाहेरून कळत पण नाही. म्हणून मूठ पाण्यात बुडवायची नाही, आणि महिन्यातून एकदा मधमाशीचं मेण थोडं कोमट करून चोळायचं. शिसवाची मूठ आहे म्हणालात, शिसव चांगलं लाकूड, दाट असतं, फार हलत नाही.

पण त्याच्या आधी तुम्ही सुरी धरता कशी ते बघा. आयुष्यभर आडाळीवर काम केलेल्या बायकांना सुरी सुरुवातीला अवघड जाते आणि त्याचं कारण कोणी सांगत नाही. आडाळीत पातं जागेवर असतं आणि आपण दोन्ही हातांनी मासा पात्यावर नेतो, जोर दोन्ही खांद्यांचा आणि अंगाच्या वजनाचा. सुरीत मासा जागेवर आणि पातं हलतं, सगळा जोर एका मनगटात येतो, म्हणून आपण मूठ आवळून धरतो, आणि आवळून धरली की कुठलीही मूठ जाडच वाटते. मूठ जरा पुढे धरा, अंगठा आणि पहिलं बोट मुठीच्या पुढे पात्याच्या दोन्ही बाजूंना चिमटीत, बाकीची तीन बोटं मुठीवर सैल. जोर खाली दाबायचा नाही, पुढे ढकलत खाली आणायचं, पातं लांबीने सरकलं की ते स्वतः कापतं. डाव्या हाताची बोटं आत वळवलेली, नखं मागे. आठ दिवस आधी भेंडी, काकडीवर करा, सुरमई नंतर.

पाट किंवा फळी लाकडाची घ्या, चिंचेची मिळाली तर उत्तम, खाटीक चिंचेचाच ओंडका वापरतात ते उगीच नाही. कडाप्प्याच्या ओट्यावर थेट कापू नका, एका दिवसात धार जाते. फळीखाली ओलं फडकं घाला म्हणजे सरकणार नाही. आणि ओटा तुमच्या कोपरापेक्षा थोडा तरी खाली हवा, नाहीतर खांदा दुखेल आणि दोष सुरीवर येईल.

मासळीचं थोडक्यात, खवले सुरीच्या पाठीने काढा, धारेने नाही. सुरमईची तुकडी करताना कोयत्यासारखा घाव घालू नका, दोन्ही बाजूंनी काट्यापर्यंत कापत जा, मग मधल्या काट्याचा सांधा टोकाने चाचपा, मणक्याच्या दोन मण्यांमध्ये पातं अलगद जातं. डोकं फोडायला कोयता, कुर्ल्यांच्या नांग्या मोडायला वरवंटा, कालवं उघडायला हिचं टोक अजिबात नाही, टोक मोडेल. नारळ पण नाही. फ्रीजरमधला दगड झालेला मासा तर नाहीच, त्यानेच धारेचे तुकडे उडतात. आडाळी काढून टाकू नका, खोबरं खवायला ती लागणारच, टेबलावर स्क्रूने बसवायची आडाळी मिळते, गुडघ्याला त्रास नाही.

धार. दारावर सायकलवाला येतो त्याच्याकडे देऊ नका, हे कळकळीने सांगतो. त्याचं कोरडं चाक जोरात फिरतं, ठिणग्या उडतात, बारीक धारेवर क्षणात 300 डिग्री होतात, धारेला निळा रंग येतो. त्या जागेचं पाणी उतरलं, म्हणजे मुलाने 200 डिग्रीवर जपून धरलेला कडकपणा गेला, मग धार लागते पण दोन दिवस टिकत नाही, आणि तेवढं लोखंड घासून काढल्याशिवाय ते दुरुस्त होत नाही. घरात एक दगड ठेवा, 1000 नंबरचा, ऑनलाइन मिळतो. पाण्यात भिजवून, पातं दीड-पावणेदोन इंच रुंद असेल तर पाठ दगडापासून अर्धा इंच वर धरायची आणि तेवढीच धरून ठेवायची, यातच सगळं आहे. एका बाजूने घासत राहा, दुसऱ्या बाजूला बोटाला बारीक खरखर लागली की बाजू बदला, मग एकेक हलका हात, शेवटी जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर उलटं ओढा. जांभ्याच्या पायरीवर नको, जांभा खडबडीत, त्याने धार दातेरी होते. नसेलच जमत तर मुलाला येऊन लावू दे, त्याने धार लावलेली तुम्ही शेजारी बसून बघा, तुमच्या हाताला ते लवकर येईल, आडाळी पाजवलेली आहे तुम्ही.

आणि आता त्याला सांगायचं कसं. मूठ जाड झाली एवढंच सांगून त्याला काही कळणार नाही, तो काळजी करत बसेल. कुठे, कधी, काय करताना, असं सांगा. पंधरा-वीस मिनिटं कापल्यावर करंगळीच्या खाली दुखतं, की अंगठ्याच्या बेचक्यात, की ओल्या हाताने घसरते. हात थकला असताना मुठीवर पेन्सिलने खूण करा, जिथे टोचतं तिथे फुली, आणि फोटो पाठवा. लाकूड घासून कमी करता येतं, वाढवता येत नाही, म्हणून त्याने जाड ठेवली हे एका अर्थी बरोबरच केलंय, कमी करणं त्याचं तासाभराचं काम आहे. फक्त ते आता पावसात करू देऊ नका, आत्ता लाकूड फुगलेलं आहे, आत्ता घासलं तर थंडीत जास्त बारीक होईल आणि रिबीटा वर येतील. आत्ता खुणा करून ठेवा, घासणं दिवाळीनंतर.

भाजीबद्दल पण सांगा. लाल भोपळा कापताना पातं मध्येच अडकतं का? अडकत असेल तर धारेच्या मागचा भाग जाड राहिलाय, तो त्याला दगडावर पातळ करता येईल, आणि पुढच्या सुरीत तो ते आधीच करेल. पातं नजरेसमोर धरल्यावर टोकाकडे किंचित डावीकडे वळलेलं दिसतं असं तुम्ही लिहिलंय, ते त्याला माहीत आहे ताई, बनवणाऱ्याला ते सगळ्यात आधी दिसतं आणि त्याच्या मनात ते रोज सलत असतं. तुम्ही म्हणालात की ते दिसलं पण मासे कापताना काही अडत नाही, तर त्याला किती बरं वाटेल याची तुम्हाला कल्पना नाही. खोटं कौतुक मात्र करू नका, आपल्या आईला सुरीतलं कळतं हे त्याला माहीत असतं. चांगलं काय आहे ते पण तसंच नेमकं सांगा, कांदा किती बारीक निघतो, धार किती दिवस टिकली. वडिलांच्या हाताखाली मी शिकत होतो तेव्हा आई माझ्या सुरीने रोजची मासळी कापायची आणि संध्याकाळी भट्टीवर येऊन सांगायची, आज तारली बरी झाली, उद्या टोक बघ. तेवढ्यावर दुसऱ्या दिवशीचं काम ठरायचं.

चतुर्थीला येईलच तो, मुंबई-पुण्याचं कोण राहतं तेव्हा. गणपतीत मासे नाहीत, पण ऋषिपंचमीच्या भाजीएवढी परीक्षा दुसरी नाही, अळू, सुरण, लाल भोपळा, पडवळ, मक्याची कणसं, एकाच बैठकीत मऊ पण आणि कठीण पण. सुरणाला हाताला खाज येते म्हणून आधी चिंचेचं पाणी लावाल ते सुरीला पण लागेल, कापून झाल्यावर लगेच धुवा. ती भाजी त्याच्यासमोर कापा, थोडी त्याला पण कापायला लावा, तुमच्याच ओट्यावर, तुमच्याच उंचीला. आणि त्याला एक विचारून वहीत लिहून ठेवा, पाटा कुठल्या गाडीचा, किती डिग्रीला किती वेळ ठेवला. पुढे कधी धारेचा तुकडा उडाला तर दुरुस्त करणाऱ्याला हे लागतं, आणि तो कुडाळवरून जाणार असेल तर सुरी घेऊन माझ्याकडे यायला सांगा, भट्टी चालूच असते.